दुसरी घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मी न्हाऊन देवघरासमोर आले, तर पाटावर घागरी दोन.

आमच्या घरात घागर एकच भरतात, आबांची. आबा म्हणजे माझा आणि रुपचंदचा बाप. गव्हाच्या राशीवर लाल मातीची घागर, गळ्यात दोरा, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला सांजोरी आणि आंबा. मेलेल्याला वर्षाची तहान असते, ती या दिवशी भागते. म्हणून ज्याचा श्वास चालू आहे त्याच्या नावानं घागर भरायची नसते. एवढं रांगतं पोरही जाणतं.

दुसरी घागर तशीच्या तशी सजवलेली. फक्त डांगराच्या जागी एक कैरी, चिरून मीठ-मिरची भरलेली.

या बंगल्यात तशी कैरी एकच माणूस खायचा. वाल्मीक, रुपचंदचा धाकटा पोरगा. सहा-सात वर्षांपूर्वी, आखाजीच्याच दिवशी, निंबाखालच्या पत्त्यांच्या डावातून उठून जो गेला तो गेला. सुरतेला आहे, असं सगळे म्हणायचे. कोणी त्याला मिलच्या दारात पाहिला, कोणी स्टेशनावर. हत्तीवर बसून साड्या विकतो, असंही गावात म्हणत. त्यातला हत्ती माझा, बाकी लोकांचं.

मी ओरडले नाही. मी कधीच ओरडत नाही, जरा मोठ्यानं विचारते.

"ही दुसरी कोणी भरली रे?"

केळीतले बगळे उडाले म्हणतात. उडाले असतील.

सगळ्यात आधी रुपचंद आला. त्याला सगळे नाना म्हणतात. भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठी हा बंगला त्यानं बांधला. चारी बाजूंना केळी, गच्चीवर सिमेंटचे दोन वाघ, खोलीखोलीत पंखा. माझा भाऊ म्हणतो, जिल्ह्यात असा बंगला नाही. मी म्हणते, दिल्लीपर्यंत नाही, पण माझं कोण ऐकतं. दर आखाजीला सत्तरीची मी माहेरवाशीण म्हणून इथं येते आणि झोक्यावर बसून हुकूम सोडते.

नानानं कैरी पाहिली आणि त्याच्या मिशा थरथरल्या.

"कोणाला माझं पोरगं मारायचं आहे?"

देवचंद मागून आला, ओला टॉवेल खांद्यावर. हा थोरला. त्यानं घागर पाहिली, मग लगेच खिडकीबाहेर पाहिलं. माणूस जिकडे बघायचं टाळतो तिकडेच त्याचं दुखणं असतं. म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले.

आता देवचंदच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळलं, असं विचारू नका. मी त्याला पाळण्यात घातलंय. त्याच्या मनात तो पत्त्यांचा डाव होता. वाल्मीक हरत होता, पीत होता, आणि देवचंदनं त्याला चारचौघांत थोबाडीत दिली होती. 'तोंड दाखवू नको पुन्हा,' असं म्हणाला होता. आणि भावानं ते ऐकलं. तेव्हापासून गिरणेला पूर आला की देवचंद काठावर जाऊन उभा राहायचा. पाण्यात काय बघायचा, ते बायकोलाही सांगायचा नाही.

त्याची बायको सुंदरबाई. ती कुठलीच गोष्ट मनात ठेवत नाही, त्यामुळे तिच्या मनात शिरायची गरज नाही.

"ज्याची सोय होईल त्यानं भरली," ती म्हणाली. "होळीला नशिराबादहून कोण आलं होतं? भाऊ आला होता ना एकीचा? नवरा मेला असं ठरलं की दुसऱ्याशी पाट लावायला मोकळी."

एकी म्हणजे कमल. वाल्मीकची बायको. ती सैपाकघराच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत कणीक लागलेली. पुरणपोळ्या तिच्याच हातच्या व्हायच्या, खापरावर. कुंकू ठसठशीत, पोत गळ्यात, आणि नवरा कुठे ते कोणालाच ठाऊक नाही.

"मी नाही भरली," कमल म्हणाली.

"मग काय घागर चालत आली?"

"जाऊबाई, मला त्यांना मारायचंच असतं तर ते घरात होते तेव्हा मारलं नसतं का?"

एवढं बोलली आणि स्वतःच घाबरली. वाल्मीक दिसायला राजबिंडा, गळा गोड, आणि हात जड. बंगल्याच्या भिंती जाड म्हणून कोणाला ऐकू जायचं नाही, असं आम्ही सगळे मानत होतो. भिंती काही तेवढ्या जाड नाहीत.

नाना पाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "आखाजीच्या दिवशी जित्या नवऱ्याची घागर भरणारी बाई मला या घरात नको. दुपारची पंगत झाली की जीप काढा. नशिराबादला सोडून या हिला. परत यायचं नाही."

कमल हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

"नाना, लेकी आखाजीला माहेरी जातात. तुम्ही एका वर्षी मला जाऊ दिलं नाही. तो आला तर घरात बायको पाहिजे, म्हणालात. सगळ्या आखाज्या मी या दाराकडे बघत काढल्या. आणि आज माहेरी पाठवता ते अशी, डाग लावून? माझा भाऊ मला उंबऱ्याच्या आत तरी घेईल का?"

देवघराजवळच्या स्टुलावर कलावहिनी बसली होती, माझी भावजय, या घराची मालकीण. होळीपासून तिचे गुडघे धरलेले, ओट्याच्या पायऱ्याही उतरता येत नव्हत्या. ती वाती वळत होती. वळलेल्या वातीच पुन्हा उलगडून वळत होती.

मला कमलची दया आली, आणि मला दया आली की मी थापा मारायला लागते. काहींना रडू येतं, मला गोष्ट येते.

"थांब रुपचंद," मी म्हटलं. "आधी घागरीचं बघ. बाईचं नंतर. तुला धरणगावच्या त्या वना नावाच्या माणसाची गोष्ट माहीत आहे का?"

"अक्का, आज नको."

"आजच पाहिजे. वनाच्या बायकोनं चुकून जित्या नवऱ्याची घागर भरली. नवरा तेव्हा चाळीसगावच्या स्टेशनात बाकड्यावर बसलेला. बसल्या जागी ओला झाला! बाकीचे कोरडे, हा एकटा चिंब. तिसऱ्या दिवशी आपल्या पायानं मसणात गेला, लाकडं स्वतः रचली, वर आडवा झाला आणि म्हणाला, लावा आता, गाडीची वेळ झाली."

सुंदरबाईनं पदर तोंडाला लावला. तिचा माझ्या गोष्टींवर विश्वास नाही, पण भुतांवर आहे.

"मग उपाय?" तिनं विचारलं.

"उपाय एकच. ऊन माथ्यावर यायच्या आत घागर उंबऱ्याबाहेर ओतायची. पण घरातल्या एकूण एक माणसानं 'ओत' म्हणायचं. एकानंही तोंड मिटून ठेवलं तर वाल्मीक तिकडे सुरतेत भिजला म्हणून समजा."

हे मी तिथल्या तिथं रचलं होतं. पण त्यात एक गाठ मारलेली होती. ज्याला वाल्मीक जिवंत वाटतो तो खुशाल 'ओत' म्हणेल. ज्यानं घागर भरली त्याला पक्कं माहीत आहे की तो मेलाय, आणि मेलेल्याचं पाणी सांडायला त्याची जीभ उचलणार नाही. खरं सांगते, माझा डोळा देवचंदवर होता.

मी घागर उचलली, कंबरेवर घेतली आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

"बोल रुपचंद."

"ओत," नाना म्हणाला. "आणि लवकर ओत."

"सुंदर?"

"ओता, ओता. माझ्या पायावर नको फक्त."

"देवचंद?"

खांद्यावरचा टॉवेल देवचंदनं असा पिळला की खाली थेंब पडले. मी मनात म्हटलं, सापडलास बाळा.

"ओत, अक्का," तो म्हणाला. आणि त्याचे डोळे भरले. "ओतून टाक. तो जिथं असेल तिथं नीट राहू दे. मी त्याला आणायला जाईन. सुरतेतली गल्ली न् गल्ली बघेन."

माझा अंदाज असा तोंडावर आपटला.

"कमल?"

"ओता," कमल म्हणाली. "मी त्यांचं मरण कधी मागितलं नाही. नुसतं एवढंच मागितलं की येऊ नयेत."

मग एकच उरली. मी तिच्याकडे वळलेही नव्हते, घागर तिरकी करायला लागले होते. तेवढ्यात स्टूल पडल्याचा आवाज झाला. जिला पायऱ्या उतरवत नव्हत्या ती कलावहिनी गुडघ्यांवर सरपटत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिनं घागरीचं बूड दोन्ही हातांनी धरलं.

"वतू नका," ती म्हणाली. "मना पोऱ्याले पानी ऱ्हाऊ द्या."



"माय?" देवचंद म्हणाला.

"तो सुरतेला नाही रे."

ती उंबऱ्यातच बसली. आम्ही सगळे तिच्या भोवती खाली बसलो, नानाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ बायकोशेजारी जमिनीवर बसलेला मी पाहिला.

आधी कमल बोलली. त्या आखाजीला बाकीचे पुरुष निंबाखालीच होते आणि बायका नदीवर झोके खेळायला गेलेल्या. कमल घरात एकटी, पोळ्या करत. वाल्मीक डावातून उठून आला तो तिच्या गळ्यातली पोत मागत. डावावर लावायला. ती देईना. त्यानं केळीचे घड कापायचा विळा उचलला. ती मागल्या दारानं धावली.

"मला तेवढंच माहीत आहे," कमल म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा. "मी केळीत शिरले. दिवे लागेपर्यंत बाहेर आले नाही. आले तेव्हा माय म्हणाली, गेला तो, रागावून गेला."

"मी मागल्या कोरड्या विहिरीपाशी गोवऱ्या रचत होते," वहिनी म्हणाली. "तू माझ्या अंगावरून धावत गेलीस. तुला दिसलेही नाही मी. मागून तो. विळा असा वर. मी मधे उभी राहिले तर म्हणाला, सरक, नाहीतर तुझ्यापासून सुरू करतो. मी त्याले लोटी दिधं." तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. "लोटायचं होतं नुसतं. मागं विहीर आहे हे हातांना कुठं माहीत?"

"मेला?" नानानं विचारलं.

"लगेच नाही. पानी मांगे. माय, पानी, म्हणे. मी तांब्या घ्यायला पळाले. लोकांना हाक मारायची सोडून तांब्या घ्यायला पळाले, अशी कशी मी! आले, तांब्या दोरीला बांधला, खाली सोडला. तो तसाच भरलेला वर आला."

तेवढं झाल्यावर ती रडली. ते रडू मी सांगणार नाही. काही गोष्टींत भर घालता येत नाही.

देवचंद उठून उभा राहिला होता. खिडकीबाहेर बंगल्याच्या मागं शेवग्याचं झाड आहे. त्याच्या शेंगा वहिनी कोणाला तोडू द्यायची नाही. दर आखाजीला पहाटे झाडाला पाणी घालते म्हणून ती एकटी तिथं जायची, पदराखाली काहीतरी घेऊन. ते काय असायचं ते मला आत्ता कळलं. आणि यंदा गुडघ्यांनी पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, म्हणून पोराची घागर बापाच्या देवघरात आली.

"माय," देवचंद म्हणाला, "तू म्हणाली होतीस विहिरीत कुत्रं पडून मेलंय. वास येईल, बुजव. मी ट्रॅक्टरनं माती टाकली. माझ्या हातानं. शेवगा मी लावला."

"भावानं माती दिली," वहिनी म्हणाली. "तेवढं तरी त्याला मिळालं."

"मला का नाही सांगितलंस?" नाना म्हणाला.

"तुमचा लाडका तो. तुम्ही म्हणाला असता, कमलमुळे झालं. निंबाखालून तो घरी तिच्याकडेच गेला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पहिलं बोट तिच्याकडे गेलं असतं. आजही तेच केलंत ना?"

नानानं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

सुंदरबाई हळूच कमलकडे सरकली आणि तिच्या हाताची वाळलेली कणीक खरवडायला लागली. माफी मागायची तिची तीच रीत. कमलनं हात ओढून घेतला नाही, पण बघत होती ती वहिनीकडे.

"तुम्ही मला वाचवलं," कमल म्हणाली. "आणि मग मला सांगितलं नाही. मी रोज सकाळी कुंकू लावायचे आणि दार वाजलं की मागल्या दाराकडे धावायचे. रात्री कडी दोनदा बघायचे. तुम्हाला दिसत होतं की नाही?"

"दिसत होतं."

"तो येणार नाही, एवढं कानात सांगितलं असतं तरी मी झोपले असते, माय."

वहिनी म्हणाली, "तू सांगशील ते करते. पोलिसात जा म्हटलं तर जाते. जीप तशीही काढायचीच आहे."

आणि नेमकी तेव्हाच फाटकात राजदूत गाडी फटफटली.

हिलाल आला होता. हिलाल आमच्या गावचा पोलीस पाटील, आणि आखाजीला आमच्या आबांचा पित्तर. पित्तर म्हणजे मेलेल्याच्या वतीनं जेवायला बोलावतात तो. हिलाल आबांच्या वतीनं दर वर्षी असा जेवतो की आबा जिवंतपणी कधी एवढं जेवले नाहीत.

घागर लपवायला वेळ नव्हता. मी ती पाटावर ठेवली, सगळे उठले, ताटं मांडली गेली. कमल वाढायला आली. पुरणपोळी, आमरस, कटाची रसई, कुरडया. नानाचा घास तोंडात फिरत होता, उतरत नव्हता.

हिलालनं आगारी टाकताना, म्हणजे विस्तवावर नैवेद्य घालताना, हात जोडले, आणि मान तिरकी केली.

"नाना, हे काय शे? घागरी दोन, आणि पित्तर मी एकटाच?"

सगळ्यांची नजर कमलवर. तिच्या हातात तुपाची वाटी. ती एक वाक्य बोलली असती तर वहिनी संध्याकाळी भडगावच्या कोठडीत. तिच्या आयुष्याचा जो काही चुराडा झाला होता, त्याची भरपाई म्हणून तिला हे एक वाक्य मिळालं होतं.

कमलनं हिलालच्या पोळीवर तूप घातलं. सावकाश, कडेपर्यंत.

"अक्कांना विचारा," ती म्हणाली. "या घरातलं बठ्ठं त्यांनाच माहीत असतं."

हिलाल खूश झाला. "हां, सांगा अक्का."

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले. मी कमलकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली, होय की नाही ते माझं मलाच ठरवायचं होतं.

आणि मी सांगितलं. सगळं. पोत, विळा, कोरडी विहीर, भरलेला वर आलेला तांब्या, ट्रॅक्टर, शेवगा. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. माझ्या जिभेला त्याची सवय नाही, मधे मधे अडखळले. सुंदरबाईच्या हातातला डाव आमरसाच्या पातेल्यात बुडाला.

माझं संपलं तेव्हा हिलाल माझ्याकडे बघत होता. पोळीचा तुकडा अर्ध्यात धरलेला.

मग तो हसला. असा हसला की ठसका लागला आणि देवचंदनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"अक्का! गेल्या साली तुमच्या मगरीनं गिरणेतून बैलगाडी ओढून काढली. त्याच्या आधी केळीच्या घडात नाग निघाला, तो तुमच्याशी अहिराणी बोलला. आणि यंदा कलावहिनीनं खून केला? ज्या बाईनं कधी कोंबडी हाकलली नाही? आणखी वाढा रस, कमलबाई. एवढ्यासाठीच येतो मी या घरी."

तो पोटभर जेवला. आबांच्या वतीनं ढेकर दिली. हात धुतले, पानाला चुना लावला, फाटकाकडे निघाला.

मग चपलेत एक पाय घालून तो थांबला. तसाच माघारी आला, देवघरासमोर उभा राहिला आणि दुसऱ्या घागरीला हात जोडले. जरा जास्त वेळच. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, शेवग्याला पाणी घालत जा. उन्हाळा कडक शे."

राजदूतचा आवाज केळीत विरला. आजतागायत मी ठरवू शकलेले नाही, की त्या माणसाला माझं काय पटलं आणि काय नाही.

उन्हं कलली तेव्हा कमल आपली पिशवी घेऊन बाहेर आली. नाना ओट्यावर होता. तो उठून उभा राहिला.

"बाई, मी बोललो ते..."

"मी जाते नाना. तुम्ही घालवलं म्हणून नाही. आज आखाजी आहे, लेकी माहेरी जातात, म्हणून."

देवचंद जीप काढायला धावला. सुंदरबाईनं सांजोऱ्यांचा डबा आणला, आणि कमल नको नको म्हणत असताना पिशवीत कोंबला.

वहिनी उंबऱ्यातच बसून होती, सकाळी बसली होती तिथंच. कमल तिच्यापुढून गेली, पायरी उतरली, आणि थांबली. मग घरात परत गेली आणि दुसरी घागर कंबरेवर घेऊन आली. शेवग्यापाशी जाऊन तिनं ती ओतली, एका हातानं मातीत जागा करत, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत. कैरी बुंध्याशी ठेवली.

रिकामी घागर तिनं वहिनीच्या मांडीवर आणून दिली.

"येशील का गं परत?" वहिनीनं विचारलं. विचारायचा आपल्याला हक्क नाही, हे तिच्या आवाजातच होतं.

कमलनं पदरानं हात पुसले.

"पाट लागो न लागो, पुढल्या आखाजीला येईन," ती म्हणाली. "लेक येते तशी. तुमचे गुडघे असे, तुम्हाला कुठं झाडापर्यंत जाववणार?"